ताप उतरला म्हणून अँजिओ टाळू नका

निपाणीजवळच्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. सोबत तीन रिपोर्टांचे फोटोही आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"आमचे मामंजी ५३ वर्षांचे. हृदय मोठं होऊन पंपिंग पार उतरलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी बंगळूरला हृदय बदललं. पहिले सहा महिने व्हायरस होऊ नये म्हणून गोळ्या होत्या, नंतर बंद केल्या. आठव्या महिन्यात बायोप्सीत रिजेक्शन (अंग नवं हृदय नाकारतंय असं) निघालं, तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. त्यानंतर दीड महिन्यानं ताप, जुलाब, अंगात त्राण नाही असं झालं. तपासणीत सीएमव्ही नावाचा व्हायरस निघाला. आता व्हॅलगॅन्सिक्लोविर ४५० च्या गोळ्या सकाळी दोन, रात्री दोन. बारा दिवस झाले. ताप गेला, जुलाब थांबले. पण पांढऱ्या पेशी २,६०० वर आल्या आहेत, आणि व्हायरस पहिल्या आठवड्यात ४२,००० वरून ३८,००० एवढाच उतरला. गोळ्या महाग आहेत. नात्यातले एकजण म्हणतात, पेशी उतरल्यात तर गोळी अर्धी करा आणि गुळवेलीचा काढा चालू करा. सासूबाईंनी परवा एक गोळी विळीवर अर्धी केलीसुद्धा. पुढच्या महिन्यात अँजिओग्राफीला बोलावलं आहे. मामंजी जायला तयार नाहीत. म्हणतात, छातीत दुखत नाही, हृदय तरण्या पोराचं आहे, त्याला कसलं ब्लॉकेज? घरात दोन वर्षांचा नातू आहे, त्याला लांब ठेवायचं का? आणि हा व्हायरस आला तरी कुठून?"

ताई,

आधी आज रात्रीच्या डोसचं बोलू. दोन गोळ्या, अख्ख्या, जेवणाबरोबर. हे औषध अन्नाबरोबर अंगात नीट शोषलं जातं, रिकाम्या पोटी कमी पडतं. अर्धी गोळी करायची नाही, आणि विळीवर तर अजिबात नाही. या गोळीवर वेष्टन आहे ते कारणासाठी. आतली पूड कातडीला, डोळ्याला लागू नये आणि श्वासातून जाऊ नये. ती पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकते. विळी साबणानं धुऊन घ्या, उरलेली अर्धी गोळी डबीत परत ठेवू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं मोडलेल्या गोळीला हात लावायचा नाही. गिळताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, या औषधाचं पातळ रूपही असतं.

डोस अर्धा करण्यात दुसरा धोका याहून मोठा आहे. कमी औषधात विषाणू मरत नाही, त्या औषधाला सरावतो. सरावलेला सीएमव्ही निघाला की हाताशी उरतं ते फॉस्कार्नेटसारखं औषध, जे दवाखान्यात दाखल होऊन शिरेतून घ्यावं लागतं आणि मूत्रपिंडांवर जड जातं. नवं मारिबाविर आहे, पण त्याचा खर्च तुमच्या आजच्या खर्चाच्या कैक पट. आज वाचवलेल्या गोळ्यांचे पैसे तिथे निघून जातील.

डोस कमी करायचं रास्त कारण एकच असतं, मूत्रपिंडांचं काम मंदावणं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि वजन यांवरून काढलेला क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात तो आकडा, ६० च्या वर असेल तर उपचाराचा डोस ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे तुमच्या दोन-दोन गोळ्या. ४० ते ५९ मध्ये असेल तर ४५० दोनदा. त्याहून खाली आणखी कमी. मामंजींना जुलाब झाले होते, अंगातलं पाणी गेलं होतं, त्यामुळे क्रिएटिनिन वरखाली झालेलं असू शकतं. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही रिपोर्टांत क्रिएटिनिन कुठेच नाही. उद्या रक्त देणार असाल तर ते आवर्जून लावून घ्या, कारण डोस बरोबर आहे की नाही हे त्याच्याशिवाय ठरत नाही.

आता पेशींचं. २,६०० हा आकडा एकट्यानं फारसं सांगत नाही. तुमच्या रिपोर्टात त्याखाली 'न्यूट्रोफिल ५२ टक्के' लिहिलं आहे. न्यूट्रोफिल म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. २,६०० चे ५२ टक्के म्हणजे १,३५२. खरा आकडा हा. तो १,००० च्या वर आहे तोवर डॉक्टर सहसा लक्ष ठेवून औषध पुढे चालू ठेवतात. १,००० च्या खाली गेला तर हालचाल करतात, ५०० च्या खाली गेला तर हे औषध थांबवायची वेळ येते. आणि हालचाल करतानाही पहिला हात या गोळीवर पडत नाही. पेशी उतरवणारी औषधं मामंजींच्या डब्यात एकाहून जास्त असणार. रिजेक्शन रोखणारं मायकोफेनोलेट पेशी उतरवतं. छातीच्या संसर्गापासून बचावासाठी दिलेली सेप्ट्रानसारखी गोळीही उतरवते. सीएमव्ही स्वतःही उतरवतो. म्हणून बहुधा आधी मायकोफेनोलेट कमी करतात, सेप्ट्रान बदलतात, गरज पडली तर पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन देतात. यातलं काय आणि किती हे ट्रान्सप्लांट टीमनंच ठरवायचं, कारण मायकोफेनोलेट कमी केलं की रिजेक्शनकडे डोळा ठेवावा लागतो, आणि त्यांना एकदा रिजेक्शन होऊन गेलेलं आहे. घरात बसून यातली कुठलीही गोळी हलवू नका. आठवड्यातून एकदा, आणि आकडा घसरत असेल तर दोनदा, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा.

व्हायरसच्या आकड्यानं तुम्ही घाबरला आहात, ते स्वाभाविक आहे. पण ४२,००० आणि ३८,००० हे या तपासणीच्या दृष्टीनं एकच. एकाच नळीतलं रक्त दोनदा तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो. पीसीआरचा, म्हणजे व्हायरस मोजणाऱ्या या तपासणीचा, आकडा निदान तिपटीनं उतरला तर उतरला म्हणायचा. तुमच्या बाबतीत १४,००० च्या खाली. पहिल्या आठवड्यात तो हलत नाही असं पुष्कळांचं होतं. पूर्ण डोसचे दोन आठवडे झाले, एकही गोळी चुकली नाही, आणि तरी आकडा तिथेच राहिला किंवा चढला, तर मात्र विषाणू औषधाला सरावला आहे का याची जनुकीय तपासणी मागायची. दोन आठवड्यांची मुदत अवघ्या दोन दिवसांवर आली आहे, म्हणून परवाचा पीसीआर फार महत्त्वाचा. त्याआधी गोळ्या मोजा. बारा दिवसांच्या अठ्ठेचाळीस गोळ्या संपायला हव्यात. डबीत जास्त उरल्या असतील, एखादा डोस उलटीतून पडला असेल, परवाच्यासारखी अर्धीच पोटात गेली असेल, तर ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. लाजू नका. नाहीतर घरात चुकलेल्या डोसचा ठपका औषधावर बसेल आणि उपचार नाहक बदलला जाईल.

दरवेळी एकाच लॅबमध्ये द्या. एकदा बेळगाव, एकदा कोल्हापूर असं केलंत तर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. काही लॅब अख्खं रक्त तपासतात, काही त्यातला प्लाझ्मा. दोन्हींचे आकडे वेगळे येतात. रिपोर्टवर नमुना कोणता आणि एकक 'आययू प्रति मिलि' आहे का, हे बघून घ्या. उपचार किती दिवस, तर किमान दोन आठवडे, आणि लक्षणं जाऊन पीसीआरमध्ये विषाणू दिसेनासा होईपर्यंत. पुष्कळ केंद्रं लागोपाठ दोन आठवडे तो न दिसल्यावरच थांबतात. त्यानंतर काही महिने कमी डोस किंवा ठरावीक अंतरानं पीसीआर, हे त्यांचं ते सांगतील.

व्हायरस आला कुठून, हा प्रश्न घराघरांत होतो आणि त्यातून कुणाला तरी दोष दिला जातो. इथे कुणाचाच दोष नाही. सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हा कांजिण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात त्याच्याच कुळातला. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, साध्या तापासारखा, कळतही नाही. या कुळाची खोड अशी की एकदा शिरला की जन्मभर अंगात दबून राहतो. दात्याच्या हृदयाबरोबरही येतो. अंगातली पहारेकरी पेशी जागी आहे तोवर तो दबलेला असतो. हृदय बदलल्यावर ही पहारेकरी औषधानं निजवावी लागते, नाहीतर ती नव्या हृदयावरच तुटून पडेल. पहिले सहा महिने गोळ्यांचं कुंपण होतं. ते निघाल्यावरचे पुढचे काही महिने जोखमीचे असतात, आणि मामंजींच्या बाबतीत नेमक्या त्याच काळात रिजेक्शनसाठी जोराचं स्टेरॉइड द्यावं लागलं. स्टेरॉइड चुकीचं दिलं असं नाही, ते द्यायलाच हवं होतं. पण त्यानं दार उघडलं आणि दबलेला उठला.

नातवाचं उत्तर इथेच देऊन टाकते. लांब ठेवू नका. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू बरेच महिने असू शकतो हे खरं, पण मामंजींच्या अंगात तो आधीच आहे. मांडीवर बसवू दे, फिरवू दे. फक्त उष्टं खायचं नाही, तोंडाचा मुका घ्यायचा नाही, शी-शू दुसऱ्यानं काढायची, आणि नाक-लाळ पुसली तर साबणानं वीस सेकंद हात धुवायचे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो. पल्स पोलिओच्या आधी बालरोगतज्ज्ञांना आजोबांचं ऑपरेशन सांगा, टोचण्याची लस मृत विषाणूची असते. थेंब देऊन झाले असतील तर पुढचे चार ते सहा आठवडे आजोबांनी पोराचे लंगोट हाताळायचे नाहीत. मामंजींना स्वतःला कुठलीही जिवंत विषाणूची लस चालत नाही. दरवर्षीची फ्लूची टोचायची लस चालते, आणि घरातल्या सगळ्यांनीच ती घ्यावी.

आता मामंजींनी विचारलं त्याकडे येऊ. तुमच्या पत्रातलं खरं मोलाचं ते आहे. ताप गेला, जुलाब गेले, म्हणजे विषाणूचं काम संपलं असं वाटतं. तसं नसतं. सीएमव्हीचं एक काम उघड चालतं, ते तुम्ही बघितलं. दुसरं मूक चालतं, आणि ते हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत चालतं. १९८९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हृदय बदललेल्या रुग्णांची नोंद मांडली. ज्यांना सीएमव्हीचा संसर्ग झाला होता त्यांच्यात रिजेक्शन आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं, दोन्ही जास्त दिसलं. पुढे १९९९ मध्ये असंही मांडलं गेलं की ऑपरेशननंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गॅन्सिक्लोविर मिळालेल्यांत हा रक्तवाहिन्यांचा आजार कमी आढळला. म्हणून व्हायरसच्या गोळ्या फक्त तापासाठी असतात असं समजू नका. त्या नळ्यांसाठीही असतात.

हा आजार नेहमीच्या ब्लॉकेजसारखा नसतो, आणि 'तरण्या पोराचं हृदय' ही समजूत इथेच फसते. तुमच्याकडे उसाला ठिबक असेल तर लगेच लक्षात येईल. ठिबकच्या नळीत एका जागी खडा अडकला तर तो काढला की पाणी सुरू. नेहमीचं ब्लॉकेज असं, एका जागी, नळीच्या एका बाजूनं. पण बोअरच्या जड पाण्यानं नळीला आतून क्षार धरतात ते सगळ्या लांबीभर, चारी बाजूंनी, आणि सुरुवात होते ती शेवटच्या टोकाकडून. बदललेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तसं होतं. आतलं अस्तर गोल गोल जाड होत जातं, बारीक फांद्यांपासून मोठ्या नळीकडे. खडा नाही, त्यामुळे काढायला काहीच नसतं. स्टेंट घालायला एक अरुंद जागा सापडलीच तर घालतात, पण तो पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण जास्त. बायपासला जोडायला खाली चांगली नळी उरत नाही. पार पुढे गेलेल्या आजारावर खरा इलाज म्हणजे पुन्हा हृदय बदलणं. ते किती जणांना मिळतं हे तुम्हाला सांगायला नको, एका हृदयासाठी तुम्ही किती दिवस फोनकडे डोळे लावून बसला असाल.

अस्तर जाड का होतं? नळीच्या आतल्या पेशी दात्याच्या. मामंजींच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्याच वाटतात, औषधं घेऊनही थोडी धुसफूस चालू असते. विषाणू त्या पेशींत शिरला की त्या सुजतात, पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा देतात, नळी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं. धुसफुशीला वारा मिळतो. रिजेक्शननं विषाणूला वाट मिळते, विषाणूनं रिजेक्शनला. मामंजींच्या बाबतीत ही दोन्ही एकापाठोपाठ झाली आहेत. त्यात वाढलेली चरबी, साखर, रक्तदाब, तंबाखू, दात्याविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी, हे सगळे आपापला हात लावतात. सीएमव्ही एकटा दोषी नाही. पण जे आपल्या हातात आहेत, त्यांतला तो एक. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार पाच वर्षांत साधारण दर तिघांमागे एकाला आणि दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना हा आजार कमी-जास्त दिसतो. दात्याचं वय कमी होतं हे चांगलंच, जुनं ब्लॉकेज घेऊन हृदय आलं नाही एवढं त्यातून कळतं. पुढं होणारं मात्र त्या वयावर थांबत नाही.

आणि छातीत दुखत नाही, कारण दुखू शकत नाही. दात्याचं हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात. इकडे बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू जोडता येत नाहीत. त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी त्याची तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही. काही जणांत वर्षांनंतर थोडे तंतू पुन्हा वाढतात, पण त्यावर विसंबता येत नाही. मामंजींची नाडी बसल्या जागी ९० ते १००च्या घरात लागत असेल, तेही याच कारणानं. दुखण्याऐवजी जे दिसतं ते असं: काल मळ्यापर्यंत चालत जायचे, आज वाटेत थांबतात. आडवं झाल्यावर दम लागतो. पाय सुजतात. तीन दिवसांत वजन दोन किलो चढतं. भोवळ येते, धडधड होते. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन घेऊन कॅलेंडरवर लिहा. कॅलेंडर स्वयंपाकघरात असलं तर विसरत नाही.

पण लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नसतं, म्हणून अँजिओ. पहिल्या वर्षाची तर कुठल्याही परिस्थितीत चुकवू नये. हाताच्या मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात, तेवढी जागा बधिर करतात, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. बायोप्सीही त्याच वेळी होऊ शकते. साध्या अँजिओत नळीच्या आतली पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. अस्तर सगळीकडे सारखं जाड झालं असेल तर पोकळी नुसती बारीक पण गुळगुळीत दिसते आणि 'नॉर्मल' म्हटलं जाऊ शकतं. म्हणून विचारा, नळीच्या आतून सोनोग्राफी, जिला ते आयव्हस म्हणतात, होणार आहे का? ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं ती झाली होती का? दोन्ही असतील तर ताडून बघता येतं. पहिल्या वर्षात अस्तराची जाडी अर्ध्या मिलिमीटरनं किंवा जास्त वाढली असेल तर पुढचा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे, आणि तेवढ्यावरून औषधं बदलायला वेळ मिळतो. रिपोर्टवर 'सीएव्ही', म्हणजे याच रक्तवाहिन्यांच्या आजाराचं इंग्रजी छोटं नाव, त्यापुढे ० ते ३ असा आकडा असतो. ० म्हणजे काही दिसलं नाही. १ म्हणजे सौम्य. ३ म्हणजे डावी मुख्य नळी निम्मी किंवा जास्त बंद, किंवा दोन मोठ्या नळ्या ७० टक्क्यांवर, किंवा थोडंच अरुंद पण पंपिंग ४५ टक्के किंवा त्याखाली आलेलं.

जाण्याआधी एक काळजी. अँजिओचा डाय, म्हणजे नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, मूत्रपिंडांना सोसावा लागतो आणि रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसचा (टॅक्रोचा) भार तिथे आधीच आहे. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या, पाणी किती प्यायचं ते विचारा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची ते विचारा.

प्रवासात आणखी एक घोळ हमखास होतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालात, सकाळी बंगळूरला उतरलात, सवयीनं डब्यातली गोळी तोंडात टाकली आणि मग टॅक्रोची लेव्हल, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण, बघायला रक्त द्यायला गेलात, तर तो आकडा खोटा चढलेला येतो. लेव्हल पुढच्या डोसच्या अगदी आधी घेतात, मागच्या डोसनंतर बारा तासांनी. रात्री ९ला गोळी घेतली तर सकाळी ९च्या सुमारास रक्त, मग गोळी. रक्त देईपर्यंत सकाळची टॅक्रोलिमस हातात ठेवायची. गोळ्या पिशवीत अंगाजवळ, तीन दिवसांच्या जास्तीच्या. आणि एक आत्ताच लागू आहे: जुलाब चालू असताना टॅक्रोची लेव्हल चढते, थांबल्यावर उतरते. जुलाबात डोस कमी केला असेल तर तो आता अपुरा पडत असेल. परवाच्या रक्तात लेव्हलही लावा.

अँजिओनंतर काय बदलेल? स्टॅटिनची गोळी आत्ता चालू आहे का बघा. हृदय बदललेल्यांना ती कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी देतात, ती रिजेक्शन आणि हा आजार दोन्ही कमी करते. मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या आणि लघवी गडद झाली तर लगेच कळवायचं. अस्तर जाड होतंय असं दिसलं तर मायकोफेनोलेटच्या जागी एव्हरोलिमस हे रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध आणायचा विचार होऊ शकतो. मामंजींसाठी मला तो विचार लक्षात ठेवण्याजोगा वाटतो, कारण एव्हरोलिमसवर सीएमव्हीही कमी होतो. त्याचेही त्रास आहेत: तोंडात फोड, पायाला सूज, चरबी वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, जखम सावकाश भरणं. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, आपण होऊन मागणी धरू नका. रक्तदाब १३०/८० च्या आत हवा.

निपाणी भागात असताना तंबाखूचं वेगळं लिहायलाच हवं. विडी सोडली असेलच. पण मिश्रीही तंबाखूच, ती दाताला लावली तरी रक्तात जाते. सासूबाई मिश्री भाजत असतील तर तो धूर मामंजींच्या नाकात जाता कामा नये. भाजायची तर दुसऱ्या घरी. वखारीत, तंबाखूच्या पोत्यांत, बुरशी धरलेल्या कडब्यात त्यांनी जाऊ नये. तिथली बुरशी फुप्फुसात गेली तर ते आणखी एक दुखणं.

गुळवेलीचा काढा नको. ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणूनच लोक देतात, आणि मामंजींची तीच शक्ती जाणूनबुजून निजवलेली आहे. गुळवेलीनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आपल्या देशात झाल्या आहेत. सीएमव्हीही यकृताला त्रास देतो. मग एलएफटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतले आकडे, वाढलं तर कुणामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या पाहुण्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना हे कारण सांगा, ऐकतील. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी औषधांचा कागद दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी टॅक्रो चढतं. टीबीची रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटॉइन यांनी ते उतरतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मूत्रपिंडांसाठी नको. पपनस खायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. व्हॅलगॅन्सिक्लोविर देशी कंपन्यांची जेनेरिक मिळते, दरात बराच फरक असतो. ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला विचारून त्यांनी सांगितलेलीच घ्या. बीपीएल रेशनकार्ड असेल तर कर्नाटक सरकारच्या सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडून औषधांना काही मिळतं का, हेही त्यांनाच विचारा. कागद तेच करतात. टॅक्रोलिमसची कंपनी मात्र स्वस्त पडते म्हणून परस्पर बदलू नका, बदलली तर लेव्हल पुन्हा करावी लागते.

१००.४ च्या वर ताप, पुन्हा जुलाब, दम, डोळ्यापुढे जाळं किंवा ठिपके, काळी शी, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन. अचानक दम लागला किंवा शुद्ध हरपली तर बंगळूरची वाट न धरता आधी जवळच्या मोठ्या दवाखान्यात, आणि तिथूनच ट्रान्सप्लांट टीमशी बोलणं करून द्यायचं.

आजच को-ऑर्डिनेटरला हा मेसेज पाठवा, आकडे तुमचे घाला: "हृदय बदलून ११ महिने. सीएमव्हीचा उपचार १२ दिवस, ९०० दोनदा. परवा एका डोसात अर्धी गोळी कमी गेली. ताप नाही, जुलाब नाहीत. पेशी २,६००, न्यूट्रोफिल ५२ टक्के. पीसीआर ४२,००० वरून ३८,०००. उद्या सीबीसी, क्रिएटिनिन देतोय. परवा त्याच लॅबमध्ये पीसीआर आणि टॅक्रो लेव्हल. मायकोफेनोलेट आणि सेप्ट्रानचं काय करायचं? अँजिओबरोबर आयव्हस होणार आहे का?"